बीपीच्या गोळीसोबत झाडपाल्याची औषधे : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात माझे औषधांचे दुकान आहे. रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यासाठी दर महिन्याला येणारी बरीच मंडळी आता घरच्यासारखी झाली आहेत. गोळ्यांचे पैसे देऊन झाल्यावर, पिशवी हातात घेता घेता, त्यांतील कोणीतरी हमखास विचारते, "एक चूर्ण चालू केले आहे, ते यासोबत चालते ना?" चूर्ण चालू करून तोवर महिना झालेला असतो आणि डॉक्टरांना त्याची कल्पना नसते. आयुर्वेदाविषयी मला आदर आहे आणि आमच्या घरातही काढे होतात. एकाच शरीरात दोन ठिकाणची औषधे जात असताना ती देणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नसतो, याची मात्र मला मनापासून काळजी वाटते, आणि म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. ती वाचून कोणीही गोळीचा डोस स्वतः बदलू नये. डॉक्टरांशी किंवा वैद्यांशी बोलताना ती हाताशी असावीत, एवढाच हेतू आहे.

वनस्पती तर नैसर्गिक असतात. त्यांचा बीपीच्या गोळीशी संबंध कसा येतो?

वनस्पतीतील ज्या द्रव्यामुळे गुण येतो, ते द्रव्य पोटातून रक्तात जाते, यकृतात मोडले जाते आणि लघवीवाटे किंवा शौचावाटे बाहेर पडते. बीपीची गोळीही याच वाटेने जाते आणि वाटेत दोघांची गाठ तीन प्रकारे पडू शकते. वनस्पतीही रक्तदाब उतरवणारी असेल, तर दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन दाब गरजेपेक्षा खाली जातो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि वयस्कर माणूस पडून माकडहाड मोडून घेतो. वनस्पती दाब वाढवणारी असेल, तर गोळी नियमित घेऊनही आकडा उतरत नाही आणि डॉक्टर नाइलाजाने डोस वाढवतात. तिसरा प्रकार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वनस्पती स्वतः रक्तदाबाला हातही लावत नाही, पण गोळी मोडणारी यकृतातील आणि आतड्यातील विकरे (एन्झाइम) मंद किंवा जलद करते. त्यामुळे तीच गोळी, तेवढ्याच डोसात, रक्तात जास्त किंवा कमी उरते.

ज्येष्ठमध तर मुलांनाही देतात. त्यात धोका कसला?

या पानावरील एकच उत्तर वाचायला तुम्हाला वेळ असेल, तर हे वाचावे.

ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचे गोड द्रव्य असते. आपल्या मूत्रपिंडात एक विकर असते, ज्याचे काम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला (हार्मोनला) निष्क्रिय करण्याचे असते. ग्लायसिरायझिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य त्या विकराला अडवते. मग न मोडलेले कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढून टाकते. परिणामी रक्तदाब वाढतो, पाय सुजतात, स्नायू गळून गेल्यासारखे वाटतात आणि पोटॅशियम फारच उतरले, तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. हे आज नव्याने कळलेले नाही. १९४०च्या दशकात नेदरलँड्समधील रेव्हर्स नावाचे डॉक्टर पोटाच्या अल्सरसाठी ज्येष्ठमधाचा अर्क देत असत आणि त्यांच्या काही रुग्णांच्या अंगावर सूज आली, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते.

बीपीच्या रुग्णाच्या बाबतीत यात आणखी एक पेच असतो. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांमुळे काही जणांना सतत कोरडा खोकला येतो. हा खोकला गोळीचा आहे, हे माहीत नसल्याने माणूस खोकल्यावरचे घरगुती औषध म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळू लागतो किंवा त्याचे चूर्ण मधातून घेतो. खोकला जात नाही, म्हणून चूर्ण महिनोन्‌महिने चालू राहते आणि त्याच चूर्णाने रक्तदाब वर चढू लागतो. अशा वेळी खोकल्याची तक्रार डॉक्टरांना सांगितली, तर ते गोळीच बदलून देतात आणि टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या गोळीवर हा खोकला सहसा राहत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइड अशी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ज्येष्ठमध अधिकच जोखमीचे ठरते, कारण ही गोळी आणि ज्येष्ठमध दोन्ही पोटॅशियम बाहेर काढतात.

घसा बसला म्हणून एखादा दिवस कांडी चघळली, तर निरोगी माणसाला काही होत नाही. ज्याला रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याने मात्र ते रोज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीच अनेक आठवडे घेतले असेल, तर बंद केल्यावरही परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

सोलापूरच्या घरांत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे येथे आणखी एक गोष्ट घडते. वैद्यांच्या चिठ्ठीवर यष्टीमधु असते, दुकानातील डब्यावर मुलेठी असते, तेलुगू बोलणारी आजी अतिमधुरम् म्हणते आणि आपण ज्येष्ठमध म्हणतो. चारही नावे एकाच मुळाची आहेत. खोकल्याच्या बऱ्याच आयुर्वेदिक पातळ औषधांतही ते असते. एका घरात ते तीन नावांनी तीन वेळा पोटात जात असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

सर्पगंधा ही बीपीवरचीच वनस्पती आहे. मग ती गोळीसोबत घेतली तर फायदाच होईल ना?

सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, ही गोष्ट खरी आहे आणि ती जगाला पटवून देण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला; त्यानंतर १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि पुढे कितीतरी वर्षे ते रक्तदाबाचे औषध म्हणून जगभर वापरले गेले. म्हणजेच सर्पगंधा घेणारा रुग्ण पूरक आहार घेत नसतो. तो बीपीचे दुसरे औषध घेत असतो, आणि तेही किती मिलीग्रॅम ते ठाऊक नसताना.

रेसर्पिनचा वापर कमी होण्यामागेही कारणे होती. त्याने नाक चोंदते, सुस्ती येते, नाडी मंदावते आणि काही रुग्णांना खोल उदासीनता येते. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल किंवा प्रोप्रानोलोल या गोळ्याही नाडी मंद करतात. त्यांच्या जोडीला सर्पगंधा आली, तर ठोके धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. तिचा परिणाम बंद केल्यानंतरही बरेच दिवस टिकतो, त्यामुळे "आज चक्कर आली, उद्या नाही घेतली" एवढ्याने भागत नाही. ज्यांना पूर्वी नैराश्याचा त्रास झाला आहे, त्यांनी तिच्यापासून दूरच राहावे. वैद्यांनी ती दिली असेल, तर त्यांना गोळीचे नाव सांगितल्याशिवाय पहिली मात्रादेखील घेऊ नये.

अर्जुन, अश्वगंधा आणि पुनर्नवा यांचे काय?

अर्जुनाची साल हृदयासाठी पूर्वापार वापरली जाते आणि तिने रक्तदाब थोडा उतरू शकतो. डॉक्टरांना सांगून, घरी दाब मोजत घेतल्यास तिच्याबाबत मला फारशी चिंता वाटत नाही. न सांगता घेतल्यास मात्र डोस ठरवण्याचा सगळा हिशेबच चुकतो. अश्वगंधेने झोप येते, दाब थोडा उतरू शकतो आणि थायरॉइडचे संप्रेरक वाढून धडधड होऊ शकते, म्हणून थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये.

पुनर्नवा आणि गोखरू लघवी वाढवण्यासाठी घेतात आणि ती बहुधा पायांच्या सुजेवर घेतली जातात. येथे थोडे थांबून विचार करावा. अ‍ॅम्लोडिपिन या अतिशय प्रचलित गोळीने अनेकांचे घोटे सुजतात. ही सूज बारीक धमन्यांच्या सैल होण्याने आलेली असते, पाणी साठल्यामुळे नव्हे, म्हणून लघवी वाढवून ती फारशी उतरतही नाही. गोळीचा डोस कमी केल्याने किंवा गोळी बदलल्याने ती उतरते. शिवाय पाय सुजणे हे हृदय किंवा मूत्रपिंड थकल्याचेही लक्षण असू शकते, त्यामुळे ती काढ्याने झाकू नये.

लसूण बीपी कमी करतो म्हणतात. शेंगा चटणीतला लसूण चालतो का?

भाजी-आमटीतला आणि चटणीतला लसूण चालतो. दाट अर्काच्या लसूण कॅप्सूल रक्तदाब थोडा उतरवतात आणि रक्त गोठण्याची क्रियाही थोडी मंद करतात, म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आपल्या शेंगा चटणीत काळजी करण्यासारखे काही असेल, तर ते मीठ आहे. कडक भाकरी आणि चटणीचा घास सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण दोन चमच्यांच्या जागी एक चमचा घ्यावा आणि घरी कुटत असाल, तर मीठ निम्मे टाकावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही.

साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा "लो सोडियम" मीठ वापरले तर?

सैंधव, पादेलोण आणि समुद्राचे मीठ यांत मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते आणि रक्तदाबाला त्यांच्या रंगाशी कर्तव्य नसते. लवणभास्कर चूर्ण तर नावाप्रमाणेच लवणांचे आहे. जेवणानंतर पाचक म्हणून ते रोज घेणारे रुग्ण "आम्ही अळणी खातो" असे प्रामाणिकपणे सांगतात, कारण चूर्ण हे मीठ आहे, हे त्यांच्या मनातही येत नाही. खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असते.

"लो सोडियम" मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे चांगली असतील, तर ते उपयोगाचे ठरू शकते. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल आणि विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या शरीरात पोटॅशियम रोखून धरतात. त्यात मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेली असतील, तर असे मीठ रक्तातील पोटॅशियम घातक पातळीवर नेऊ शकते. ते वापरण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि पोटॅशियमची तपासणी करून डॉक्टरांना विचारावे.

रोजचा काढा, त्रिकटू किंवा हळदीच्या कॅप्सूल गोळीसोबत चालतात का?

एप्रिल २०२०च्या सुमारास आयुष मंत्रालयाने सुचवलेला तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचा काढा घराघरांत पोहोचला आणि काही घरांत तो अजूनही रोज होतो. चहासारखा हलका काढा कपभर घेतल्याने बीपीच्या रुग्णाला सहसा अडचण येत नाही. मात्रा दाट झाली की प्रश्न निर्माण होतो. मिरी आणि पिंपळी यांतील पिपेरिन हे द्रव्य औषधे मोडणाऱ्या विकरांना मंद करते. प्रोप्रानोलोल घेणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांना रोज पिपेरिन दिल्यावर त्यांच्या रक्तातील गोळीचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले आहे. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. शिवाय हळदीच्या अनेक कॅप्सूलमध्ये हळद अंगी लागावी म्हणून पिपेरिन मुद्दाम घातलेले असते. भाजीतली हळद आणि फोडणीतली मिरी निर्धास्त खावी. कॅप्सूल घ्यायची असल्यास डब्यावर पिपेरिनचे नाव आहे का, ते पाहावे.

याच्या नेमके उलट काम सेंट जॉन्स वर्ट ही परदेशी वनस्पती करते. मन प्रसन्न राहावे म्हणून तिच्या गोळ्या हल्ली ऑनलाइन मागवल्या जातात. ती विकरे जलद करते आणि नायफेडिपिन, व्हेरापामिल यांसारख्या गोळ्या रक्तातून लवकर नाहीशा होतात. बीपीच्या रुग्णाने ती घेऊ नये.

डाळिंबाचा रस, दुधीचा रस आणि पपनस यांविषयी काय सांगाल?

डाळिंबाविषयी विचारले जाणे आपल्या जिल्ह्यात साहजिकच आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगाव येथेच आहे. डाळिंबाचे दाणे बीपीच्या रुग्णाने आनंदाने खावेत. रसाने वरचा दाब थोडा उतरू शकतो. प्रयोगशाळेतील नळीत डाळिंबाचा रस यकृतातील विकरांना अडवतो असे दिसले होते, पण माणसांवरील चाचण्यांत तसा लक्षणीय परिणाम आढळला नाही. विचार करायचा, तो पोटॅशियमचा. २५० मिलीलीटर रसात सुमारे अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला, त्यातही वर सांगितलेल्या पोटॅशियम रोखणाऱ्या गोळ्या चालू असताना, रोजचा मोठा पेला जड जाऊ शकतो. मधुमेह असेल, तर रसातील साखरही मोजावी लागते.

दुधीचा रस सकाळी अनशापोटी घेणारे बरेच जण आहेत. दुधी गोड असेल, तर हरकत नाही, परंतु रस कडू लागला तर एक घोटही पुढे पिऊ नये. कडू दुधीतील कुकरबिटासिन या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होतात आणि रक्तदाब एकदम कोसळतो; बीपीची गोळी पोटात असताना तो सावरणे आणखी कठीण जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये, असेच सांगितले आहे. या विषावर उतारा नाही, त्यामुळे त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

ग्रेपफ्रूटचा रस फेलोडिपिन, नायफेडिपिन यांसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढवतो, हे कॅनडातील संशोधकांनी १९९१ साली दाखवून दिले. आपल्याकडील पपनस याच कुळातील आहे आणि त्यातही तशी द्रव्ये असतात, म्हणून या गोळ्या घेणाऱ्यांनी ते टाळलेले बरे. अ‍ॅम्लोडिपिनवर हा परिणाम फारच थोडा होतो.

गुडघेदुखीवर एक पुडी घेतली आणि दोन दिवसांत गुण आला. ती बीपीच्या गोळीसोबत चालू ठेवू का?

माझ्या आत्याने नेमका हाच प्रश्न मला चार महिने उशिरा विचारला. तिचे गुडघे दुखत होते आणि आठवडी बाजारातून आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी ती आठवड्याच्या आत जिने चढू लागली होती. मला आनंद झाला, पण चौकशी करायचे सुचले नाही, याची खंत अजून वाटते. तिचा चेहरा गोल दिसू लागला, पाय सुजले, वर्षानुवर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब दोन गोळ्यांनाही जुमानेना आणि साखरही वाढली. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न पुड्यांविषयीच विचारला.

झाडपाल्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वेदनाशामक पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी अ‍ॅलोपॅथिक वेदनाशामके मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. दोन्हींनी शरीरात मीठ-पाणी साठते, बीपीच्या गोळ्यांचा परिणाम बोथट होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जुनी सांधेदुखी वनस्पतीने दोन दिवसांत पूर्ण थांबत नाही; इतका झटपट गुण आला, तर पुडीविषयी शंका घ्यावी.

यापुढचे वाक्य कृपया नीट वाचावे. अशी पुडी अनेक आठवडे घेतली असेल, तर ती घाईने एकदम बंद करू नये. तिच्यात स्टेरॉइड असल्यास शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे थांबवलेले असते आणि अचानक बंद केल्याने रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ती कशी कमी करत आणायची, ते तेच ठरवतील. आत्याच्या बाबतीत हे उतरवत आणणे कित्येक आठवडे चालले.

वजन कमी करणारी किंवा शक्तिवर्धक "हर्बल" उत्पादने कशी असतात?

बीपीच्या रुग्णाने ती घेऊ नयेत. वजन कमी करणाऱ्या उत्पादनांत दाब आणि ठोके वाढवणारी द्रव्ये असू शकतात. एफेड्रा असलेल्या पूरक उत्पादनांवर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध भारतात २०११ साली बंद झाले, तरी जगभर "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते चोरून मिसळलेले आढळते. पुरुषांसाठीच्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मिसळलेले असण्याची शक्यता असते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांच्यासाठी ही जोडी प्राणघातक ठरू शकते. संकोचामुळे हे सांगितले जात नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही छातीत दुखून रुग्णालयात गेल्यावर तेथील डॉक्टरांना हे सर्वांत आधी सांगावे.

बद्धकोष्ठतेसाठी रोज चूर्ण लागते. आणि उन्हाळ्यात वेगळी काळजी घ्यावी का?

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. सोनामुखी असलेले चूर्ण रोज घेतल्याने शौचावाटे पाणी आणि पोटॅशियम जाते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे असताना घामावाटेही पाणी जात असते. त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, जुलाब झाले आणि अंगदुखीवर एखादी वेदनाशामक गोळी घेतली गेली, तर मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा घटून ते अचानक निकामी होऊ शकते. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहून काम करणाऱ्यांना आणि उन्हात शेतात राबणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. उन्हाळ्यात दाब आपोआपच थोडा उतरतो, म्हणून मार्चअखेरीस डॉक्टरांना भेटून गोळ्यांचा फेरविचार करून घ्यावा. उलट्या-जुलाब सुरू झाल्यास कोणत्या गोळ्या थोडे दिवस थांबवायच्या, हेही तेव्हाच विचारून लिहून ठेवावे.

सोनामुखीऐवजी इसबगोल बरे, मात्र ते भरपूर पाण्यासोबत आणि गोळीपासून निदान दोन तासांच्या अंतराने घ्यावे.

म्हणजे गोळी आणि चूर्ण यांत दोन तासांचे अंतर ठेवले की झाले?

इसबगोलासारखी जी द्रव्ये आतड्यात गोळीला चिकटून राहतात, तेवढ्यांपुरतेच अंतर उपयोगी पडते. ज्येष्ठमधाचा परिणाम अनेक दिवस, सर्पगंधेचा त्याहूनही जास्त आणि ग्रेपफ्रूटचा २४ तासांहून अधिक टिकतो; तेथे सकाळ-संध्याकाळच्या अंतराने काहीही साधत नाही.

वनौषधी घेऊन बीपी नॉर्मल आले आहे. आता गोळी बंद करू का?

स्वतःहून करू नये. आकडा नॉर्मल आला आहे, तो बहुधा गोळी चालू असल्यामुळेच. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोल अचानक बंद केल्यास छातीत दुखणे आणि क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक थांबवल्यास दाब उसळी मारतो. वजन कमी केले, मीठ कमी केले, तंबाखू आणि मिश्री सोडली आणि घरचे आकडे आठवडेच्या आठवडे चांगले राहिले, तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करतात. तो आनंदाचा दिवस त्यांच्या देखरेखीखालीच यावा.

वैद्यांची औषधे घेतो, हे डॉक्टरांना सांगितले तर ते रागावतात. काय करावे?

काही जण रागावतात, हे मी नाकारत नाही, आणि तसे करणे चूक आहे, असेही माझे मत आहे, कारण रागावलेल्या डॉक्टरांना रुग्ण पुढच्या वेळी काहीच सांगत नाही. तरीही सांगावे. नावे तोंडपाठ सांगण्यापेक्षा घरातील सर्व डबे, बाटल्या, पुड्या आणि गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्याव्यात. पदवीधर वैद्यांनाही बीपीच्या गोळ्यांची पट्टी दाखवावी. ते त्यानुसार योजना बदलतात. काष्ठौषधींच्या दुकानातून सुटे आणलेले मूळ किंवा साल असेल, तर तेही कागदात गुंडाळून न्यावे. नवीन काही चालू करताना एका वेळी एकच चालू करावे, म्हणजे त्रास झाल्यास त्याचे कारण सापडते.

डब्यावर काय पाहून विकत घ्यावे?

आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि घटकद्रव्यांची यादी असते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. तो औषधाचा परवाना नव्हे. बीपी बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे "बीपी मुळापासून घालवा" असे लिहिलेला डबा परत ठेवून द्यावा. जड धातूंचा प्रश्नही खरा आहे: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. शिशाने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडही बिघडते.

शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर?

शस्त्रक्रियेपूर्वी सर्व पूरक औषधांची यादी भूलतज्ज्ञांना द्यावी. लसूण, जिन्को आणि जिनसेंग यांच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. गरोदरपणात बीपी असल्यास कोणतेही चूर्ण किंवा काढा स्वतःहून घेऊ नये. दिवस राहिल्याचे कळताच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून बीपीची गोळीही तपासून घ्यावी, कारण टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल यांसारख्या गोळ्या गर्भाला अपाय करतात.

घरी दाब कसा मोजावा आणि दवाखान्यात कधी धाव घ्यावी?

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. नवीन वनौषधी चालू करण्यापूर्वी आठवडाभर आणि नंतर दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहिले, तर डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते. घरचा सरासरी आकडा १३५/८५च्या खाली असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात.

दाब १८०/१२०च्या वर असून छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही होत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाडी ५०च्या खाली जाऊन चक्कर येणे, शुद्ध हरपणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा अंगातले बळ गेल्यासारखे होणे हीदेखील थांबून पाहण्याची लक्षणे नव्हेत.

एखाद्या उत्पादनाने त्रास झाला, तर तक्रार कोठे करावी?

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते आणि ती रुग्ण स्वतःही करू शकतो. बनावट किंवा भेसळीच्या मालाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. उरलेला माल, डबा आणि पावती फेकून देऊ नये. पुडी सुटी असेल, तर ती कोठून, कोणत्या दिवशी घेतली आणि किती दिवस खाल्ली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबतच बांधून ठेवावे.